रुमालाखालचा भाव : निवडणुकीच्या भाषणांचे एक वाचन

राजकीय भाषण हाही एक वाङ्मयप्रकार आहे असे म्हटले की आपल्याकडचे समीक्षक नाक मुरडतात. कथा, कविता, नाटक आणि आत्मकथन यांच्यावर पानेच्या पाने लिहिणारी आपली समीक्षा मैदानावरच्या कर्ण्यातून येणाऱ्या शब्दाला मात्र दाराबाहेर उभे करते. प्रस्थापितांच्या समीक्षेने असे करावे हे समजण्यासारखे आहे. आपण तसे करण्याचे काहीच कारण नाही. ज्या समाजाला अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याचे पहिले शिक्षण कानांनीच झाले. भीमराव कर्डकांच्या जलशांनी वाड्यावस्त्यांवर जे पोचवले ते आधी ऐकले गेले, वाचले गेले ते पुष्कळ नंतर. महाडचा सत्याग्रह काय किंवा नागपूरची दीक्षा काय, आपल्या समाजाच्या आयुष्यातील मोठी वळणे भाषणांनीच घडली आहेत. म्हणून शब्द कोणी उच्चारला, कुठे उच्चारला आणि उच्चारल्यावर तो त्याला बांधील राहिला की नाही, हे तपासणे मी समीक्षेचेच काम समजतो.

२०२४ साली महाराष्ट्राने दोन निवडणुका पाहिल्या. आमच्या लातूर मतदारसंघात लोकसभेचे मतदान ७ मे रोजी झाले आणि विधानसभेचे २० नोव्हेंबरला. उदगीर विधानसभा आणि लातूर लोकसभा हे दोन्ही मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. त्या वर्षी मी जमतील तितक्या सभा उभ्याने ऐकल्या. विद्यार्थी बरोबर असत. सभेहून परतताना एकदा आडत बाजारात आयुष्य काढलेले एक वयस्कर हमाल माझ्याबरोबर चालत होते. सभा कशी वाटली म्हणून मी विचारले, तर म्हणाले, “गुरुजी, आदी सौदा रुमालाखाली व्हायचा. वर समदे हसत-बोलत ऱ्हायचे आन् खाली बोटं दाबून भाव ठरायचा. ज्याचा माल, त्यालाच भाव कळायचा न्हाई. ही सभा तशीच हाय बघा.”

निवडणुकीच्या भाषणाची इतकी नेमकी व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात सापडलेली नाही. रुमालाखालच्या त्या पद्धतीला बाजारात हत्ता म्हणत. बाजार समितीचा कायदा आला, उघड लिलाव आला आणि रुमाल उठला. राजकारणात तो अजून पसरलेलाच आहे. वर बोलले जाते ते एक, खाली ठरते ते दुसरे, आणि वरच्या बोलण्यातील विसंगती कोणाला टोचत नाही, कारण भाव तिथे ठरणारच नसतो.

उदगीरचेच उदाहरण घ्या. २००९ आणि २०१४ साली इथून सुधाकर भालेराव भारतीय जनता पक्षाचे आमदार झाले. २०१९ मध्ये संजय बनसोडे राष्ट्रवादी काँग्रेसकडून, म्हणजे भाजपच्या विरोधात, निवडून आले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. बनसोडे अजित पवारांबरोबर सत्तेत गेले, मंत्री झाले आणि भाजपचे सहकारी झाले. २०२४ मध्ये भालेराव शरद पवारांच्या पक्षात आले आणि भाजपच्या विरोधकांचे उमेदवार झाले. म्हणजे त्या नोव्हेंबरात उदगीरच्या मतदारासमोर तीच दोन माणसे उभी होती, फक्त त्यांनी एकमेकांची जागा घेतली होती. बनसोडे मोठ्या मताधिक्याने विजयी झाले. मी इथे कोणाच्या निष्ठेचा हिशेब मांडीत नाही. पक्ष बदलणे हा काही केवळ राखीव मतदारसंघाचा आजार नव्हे. माझा प्रश्न ऐकणाऱ्याविषयीचा आहे. पाच वर्षांपूर्वी ज्या तोंडून एका पक्षाची निंदा ऐकली त्याच तोंडून आता त्याच्या मित्राची स्तुती ऐकताना मैदानावर कोणाला हसूही आले नाही. ज्या रंगभूमीवर पात्रे अदलाबदल होतात आणि प्रेक्षकाला काही चुकल्यासारखे वाटत नाही, तिथे प्रेक्षकाने नाटकावरचा विश्वास केव्हाच काढून घेतलेला असतो. तो फक्त बसून असतो.

राखीव मतदारसंघात हे अधिक तीव्रतेने घडते, त्याला इतिहास आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा आल्या. उमेदवार आपला, पण त्याला निवडून देणारी बहुसंख्या आपली नव्हे. अशा उमेदवाराच्या वाणीला पहिल्या दिवसापासून एक अदृश्य लगाम असतो. रस्ता, पाणी, सभागृह, पुतळा यांवर तो मोकळेपणाने बोलतो. गावातील बहिष्कार, गायरानाचा वाद, अॅट्रॉसिटीचा गुन्हा यांच्यापाशी येताच त्याचे वाक्य मध्येच वळते. १९५५ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने कायदेमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला, त्यामागे हा अनुभव होता. आपल्या चळवळीने तो ठराव विस्मृतीत टाकला. आणि २०२४ मध्ये फैजाबादच्या सर्वसाधारण मतदारसंघातून अवधेश प्रसाद हे पासी समाजातील उमेदवार विजयी झाले, तेव्हा आपण आनंद साजरा केला, पण त्या निकालाचा या जुन्या ठरावाशी काय संबंध आहे हे कोणी तपासले नाही.

फैजाबादचे नाव आले म्हणून ‘चारशे पार’कडे वळतो. त्या वर्षीच्या सगळ्या बेताल वक्तव्यांत हे सर्वांत गंभीर होते, आणि गंमत अशी की ते सर्वांत कमी बेताल होते. कर्नाटकातील खासदार अनंतकुमार हेगडे यांनी मार्च २०२४ मध्ये सांगितले की संविधानात बदल करायचा तर लोकसभेत चारशे जागा हव्यात, राज्यसभेत आणि राज्यांतही तसे बळ हवे. हे वाक्य संतापाने बाजूला सारण्यापूर्वी संविधानाचे कलम ३६८ उघडून पाहावे. दोन्ही सभागृहांत उपस्थितांच्या दोनतृतीयांश मतांची अट आहे, आणि काही तरतुदींसाठी निम्म्या राज्यांची संमती लागते. ५४३ चे दोनतृतीयांश ३६२ होतात. म्हणजे हे गृहस्थ वेड्यासारखे बोलत नव्हते. ते कार्यपद्धती सांगत होते. २०१७ च्या डिसेंबरात, केंद्रात राज्यमंत्री असताना, त्यांनी संविधान बदलण्याची भाषा केली होती आणि मग लोकसभेत माफी मागितली होती. २०२४ मध्ये पक्षाने ते मत वैयक्तिक ठरवले आणि त्यांना उमेदवारी दिली नाही. पण फैजाबादचे तेव्हाचे खासदार लल्लू सिंह त्याच अर्थाचे बोलले, राजस्थानात ज्योती मिर्धा बोलल्या. एकाच पक्षातील तीन माणसांचे वैयक्तिक मत एकाच हंगामात एकाच दिशेने कसे जाते, हा प्रश्न आमच्या वस्तीतल्या बायकांनीही विचारला. त्यांना कलम ३६८ माहीत नव्हते, पण रुमालाखाली बोटे हलत आहेत हे त्यांना दिसले.

मग उत्तर आले. १२ एप्रिल २०२४ रोजी राजस्थानातील बाडमेरच्या सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी म्हणाले की आता स्वतः बाबासाहेब आंबेडकर आले तरी ते संविधान संपवू शकणार नाहीत. हे आश्वासन म्हणून दिले गेले आणि तसेच छापले गेले. पण समीक्षकाने वाक्याची रचना पाहावी. संविधान बदलण्याची भाषा कोणी केली? त्या पक्षाच्या खासदारांनी. आणि उत्तराच्या वाक्यात संविधान संपवू पाहणारा म्हणून कोण उभा आहे? बाबासाहेब. ज्याने घर बांधले त्याचेच नाव घेऊन सांगितले जाते की तोसुद्धा हे घर पाडू शकणार नाही, आणि ज्याच्या हातात कुदळ दिसली होती त्याचे नाव वाक्यात कुठेच नाही. कर्ता बदलला की आरोपी बदलतो, हे व्याकरण आम्ही नववीच्या वर्गात शिकवतो. शिवाय मूलभूत चौकटीला संसदेने हात लावू नये हे केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९७३ सालीच सांगितले आहे. ज्याची हमी न्यायालयाने दिली आहे, ते नेता आपल्या उदारतेची हमी म्हणून देतो.

विरोधकांचे काय? लाल मुखपृष्ठाचे छोटे संविधान हातात धरून सभा गाजवणारा काँग्रेस पक्ष म्हणजे १९५२ मध्ये मुंबईत काजरोळकरांना उभे करून आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात पुन्हा, बाबासाहेबांना लोकसभेबाहेर ठेवणारा पक्ष. त्याबद्दल त्यांच्या एकाही व्यासपीठावरून कबुलीचे वाक्य मी ऐकलेले नाही. राहुल गांधींनी सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठात, भारत न्याय्य जागा होईल तेव्हा आरक्षण संपवण्याचा विचार करू, असे उत्तर दिले. तत्त्वतः ते चूक नाही. पण इथल्या सभेत पन्नास टक्क्यांची मर्यादा तोडण्याची घोषणा आणि तिथे तो विचार, ही दोन वाक्ये एकाच श्रोत्यासमोर एका दमात बोलली गेली असती तर अधिक बरे झाले असते. आणि २९ मे २०२४ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन करायला गेलेल्या जितेंद्र आव्हाडांच्या हातून फाडल्या गेलेल्या फलकावर बाबासाहेबांचेच चित्र होते. त्यांनी लगेच माफी मागितली, हेतू वाईट नव्हता हेही मी मानतो. मात्र चवदार तळ्याच्या गावी कॅमेऱ्यासमोर काय फाडतो आहोत हे न पाहता फाडले जाते, तेव्हा कृती प्रतीकाच्याही खाली घसरून देखावा झालेली असते.

आता मराठवाड्यात येतो, कारण माझ्या लेखाचा गाभा इथे आहे.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी नागपुरात काँग्रेसच्या पुढाकाराने संविधान सन्मान संमेलन झाले. तिथे वाटलेल्या वह्यांवर संविधानाचे मुखपृष्ठ होते आणि आतली पाने कोरी होती. त्या टिपणे घेण्यासाठीच्या वह्या होत्या असे काँग्रेसचे म्हणणे. तीन दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, नांदेडच्या सभेत पंतप्रधानांनी हाच विषय घेतला. लाल पुस्तकावर संविधान लिहिलेले आहे आणि आत कोरा कागद आहे, हा बाबासाहेबांचा अपमान आहे, असा त्यांचा रोख होता. टाळ्या पडल्या. मलाही तो वार नेमका बसला असे वाटले. संविधानाचे मुखपृष्ठ लावून कोरी वही वाटण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला संविधानाविषयी आदर असेल, पण पुस्तकाविषयी नक्कीच नाही.

साधारण एक महिन्याने, १० डिसेंबरला, नांदेडहून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवरच्या परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. तो दिवस जागतिक मानवी हक्क दिनाचा. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातील, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मरण पावला. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे शवविच्छेदनाने मृत्यूचे कारण सांगितले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याच महिन्यात विधानसभेत सांगितले की त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, त्याला श्वसनाचा आजार होता. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

निवडणुकीत नांदेडच्या मैदानावर कागद कोरा असल्याचा केवढा राग आला होता! परभणीत कागद कोरा नव्हता. त्यावर अक्षरे होती आणि त्या अक्षरांसाठी रस्त्यावर उतरलेल्यांत एक जण त्या अक्षरांचाच अभ्यास करणारा विद्यार्थी होता. त्या वेळी मतदान संपून तीन आठवडे झाले होते, निकाल लागले होते, सरकार बसले होते. भाषणातील विसंगती ही दोन वाक्यांमधली असते असे आपण समजतो. बहुधा ती एका वाक्यात आणि त्यानंतरच्या मौनात असते.

सोमनाथच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, केंद्रीय गृहमंत्री अमित शहा राज्यसभेत बोलले. संविधानाच्या पंचाहत्तरीनिमित्तची चर्चा होती. आंबेडकरांचे नाव पुनःपुन्हा घेण्याची आता फॅशन झाली आहे, इतके नाव देवाचे घेतले असते तर सात जन्मांचा स्वर्ग मिळाला असता, अशा अर्थाचे ते बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रकार परिषद घेऊन आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचे सांगितले. विपर्यास झाला असे क्षणभर धरून चालू. काँग्रेसला टोमणा मारायचा होता हेही मान्य करू. तरी उपमा कुठून आली हे विचारावेच लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्याने देव, अवतार, श्राद्ध, पिंडदान यांच्या नाकाराच्या प्रतिज्ञा लाखोंकडून घेतल्या, त्याच्या नावाचे मोल स्वर्गाच्या तागडीत केले जाते. बोलणाऱ्याला यात काही खटकत नाही, कारण त्याच्या मनोव्यवस्थेत नाव घेणे म्हणजे जप. वाचणे, वाद घालणे, त्या नावाने हक्क मागणे, असा नावाचा दुसरा काही उपयोग असू शकतो हे त्या वाक्याला ठाऊकच नाही.

आणि फॅशन? मराठवाड्यात या नावाची किंमत काय पडली हे दिल्लीला सांगायला हवे. २७ जुलै १९७८ रोजी राज्याच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. मुंबईत हात वर करणारे पक्ष तेच आणि मराठवाड्यात गावे पेटताना दारे लावून बसणारे, काही ठिकाणी पेटवणाऱ्यांना बळ देणारे त्यांचे स्थानिक पुढारीही तेच. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्या ऑगस्टात मारले गेले. सोळा वर्षे गेली. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावावर असलेले, घरात पीठ नाही त्यांना विद्यापीठ कशाला, हे यमक त्या काळात गावोगाव फिरले. हे यमक मी आजही वर्गात फळ्यावर लिहून दाखवतो, कारण तुच्छता किती सहज लयीत बसते याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा मिळत नाही. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव दिले गेले तेही नामांतर म्हणून नव्हे, नामविस्तार म्हणून. म्हणजे शेवटी सौदा झालाच, आणि तोही शब्दाच्या रुमालाखाली.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिकपणे घ्यायला हवा. बाबासाहेबांच्या बोलण्यात विसंगती नव्हती काय? २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत त्यांनी, हे संविधान जाळणारा पहिला मी असेन, असे म्हटले होते. ज्याने घडवले त्यानेच जाळण्याची भाषा केली. विरोधक हे उदाहरण आपल्या तोंडावर फेकतात आणि आपले कार्यकर्ते गडबडतात, किंवा बाबासाहेब असे बोललेच नाहीत असे खोटे बोलतात. ते बोलले होते. आंध्र राज्याच्या विधेयकावर चर्चा होती, अल्पसंख्यांच्या संरक्षणासाठी राज्यपालाला विशेष अधिकार असावेत हा मुद्दा होता आणि संविधान तुम्हीच केले असा टोमणा सतत ऐकून ते संतापले होते. मग १९ मार्च १९५५ रोजी त्याच सभागृहात त्यांना या विधानाबद्दल विचारले गेले. त्यांनी विपर्यासाची तक्रार केली नाही. आपण देवासाठी मंदिर बांधले, पण देव येण्याआधी त्यात राक्षस शिरले तर ते पाडण्याखेरीज काय करणार, असे कारण त्यांनी दिले. कारण पटो वा न पटो, बोलणारा आपल्या शब्दापाशी उभा राहिला, त्याच सभागृहात, प्रश्नकर्त्याच्या तोंडावर. माझ्या मते कसोटी हीच आहे. विचार करणाऱ्या माणसाच्या बोलण्यात विसंगती येतेच. पाहायचे ते हे की तो तिचे उत्तर देतो की तिच्यावर रुमाल टाकतो.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. छापलेले भाषण पाहून ते घाबरले आणि काही भाग वगळा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. परिषद रद्द झाली. भाषण झालेच नाही. त्यांनी ते स्वखर्चाने पुस्तक म्हणून प्रसिद्ध केले. ज्या देशात केलेले भाषण दुसऱ्या दिवशी नाकारले जाते, त्या देशातील सर्वांत महत्त्वाच्या भाषणांपैकी एक, बदलायला नकार दिला म्हणून न झालेले आहे.

बाकीच्या वक्तव्यांवरून मी वेगाने जातो. त्यांत वाचण्यासारखे फार नाही. ‘बटेंगे तो कटेंगे’ ही योगी आदित्यनाथांची घोषणा महाराष्ट्रात चालणार नाही असे त्याच युतीतील अजित पवार आणि पंकजा मुंडे म्हणाले आणि त्याच युतीसाठी मते मागत राहिले. जातींनी आधीच वाटून ठेवलेल्या माणसाला वाटले जाऊ नका म्हणून सांगणे हा विनोद आहे की धमकी, हे ज्याने त्याने आपल्या वस्तीच्या जागेवरून ठरवावे. तुरीचे पाहा. उदगीर हे तुरीचे आणि डाळीच्या गिरण्यांचे गाव. मे २०१७ मध्ये, इतकी तूर खरेदी केली तरी रडतात साले, असे रावसाहेब दानवे बोलले ते इथल्या आडतीत अजूनही म्हणीसारखे वापरले जाते. २०२४ मध्ये ते जालन्यात हरले.

लाडक्या बहिणीपाशी मात्र थांबावे लागेल. ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू उदगीरला आल्या, विश्वशांती बुद्धविहाराचे लोकार्पण झाले आणि त्याच दिवशी शासकीय योजनांच्या लाभार्थी महिलांचा मेळावाही झाला. विहार सुंदर आहे. आमच्या बायका पांढऱ्या साड्या नेसून गेल्या, तो आनंद खरा होता आणि मी त्याला कमी लेखणार नाही. पण एकाच दिवशी बुद्ध आणि दीड हजार रुपये. त्यापूर्वी ऑगस्टमध्ये अमरावतीत आमदार रवी राणा, आशीर्वाद दिला नाही तर दीड हजार परत घेऊ, असे बोलून बसले होते; ती गंमत होती असे मग सांगण्यात आले. नोव्हेंबरात कोल्हापुरात खासदार धनंजय महाडिक म्हणाले की पैसे आमचे घेऊन काँग्रेसच्या सभेत दिसणाऱ्या बायकांचे फोटो काढा, त्यांची व्यवस्था करतो. त्यांनीही माफी मागितली. बहीण म्हणायचे आणि पाळत ठेवायची, यात विसंगती नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांत भाऊपणाचा अर्थ हाच आहे. त्याच प्रचारात दीड हजाराचे एकवीसशे करण्याचे वचन दिले गेले. वर्ष उलटले तरी ते झाले नाही. उलट मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये या योजनेकडे वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच उघड नाराजी व्यक्त केली, खात्याची गरज नसेल तर ते बंद करा असे म्हणाले, आणि मंत्रिपदावर राहिले. सामाजिक न्यायाचा पैसा म्हणजे वसतिगृह, शिष्यवृत्ती. आईच्या खात्यात आलेल्या पैशाचा एक हिस्सा तिच्या मुलाच्या ताटातून निघाला, हे तिला कोणत्याच सभेत सांगितले गेले नाही. रुमालाखालचा भाव म्हणतात तो हा.

आणि आपण? या अंकाचे वाचक बहुतांशी आपलेच आहेत, तेव्हा बोलायला हरकत नसावी. नामांतराच्या लढ्यात पँथर म्हणून रामदास आठवले यांची पिढी उभी राहिली. २०११ मध्ये ते शिवशक्ती-भीमशक्ती म्हणत त्याच पक्षाबरोबर गेले ज्याच्याविरुद्ध नामांतराची घोषणा दिली होती. आता ते संसदेत यमके जुळवतात आणि सभागृह हसते. मी ते हसू पुष्कळदा ऐकले आहे. ते आनंदाचे नाही. दरबारात एखाद्याला जे हसू मिळते तसे ते आहे. वंचित बहुजन आघाडीने जानेवारी २०२३ मध्ये उद्धव ठाकरेंबरोबर युती जाहीर केली आणि लोकसभेपूर्वी ती मोडली. दोन्ही वेळा कारणे सांगितली गेली, वस्तीपर्यंत त्यांतले एकही पोचले नाही. आपण स्वतःही जयंतीच्या मिरवणुकीत नाव घेतो, ध्वनिक्षेपकावर घेतो, गाडीच्या काचेवर लिहितो. राज्यसभेतील त्या वाक्याने आपल्याला एवढे झोंबले त्यात थोडा भाग असाही होता की आपणही नावाचा जप करू लागलो आहोत, आणि परक्याने ते बोलून दाखवले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात समतेचे आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमतेचे असे विसंगतीचे जीवन आपण सुरू करीत आहोत. मैदानावरची विसंगत वाक्ये मला त्या मूळ विसंगतीचीच पिलावळ वाटतात. एक माणूस, एक मत एवढीच समता असलेल्या ठिकाणी नेत्याला मताच्या दिवसापर्यंत समतेची भाषा बोलावी लागते. दुसऱ्या दिवसापासून ती बोलण्याचे त्याला कारण उरत नाही.

विद्यार्थ्यांना मी एक काम लावले. शंभर पानी वही घ्यायची. डाव्या पानावर सभेची तारीख, जागा, वक्ता आणि त्याचे वाक्य जसेच्या तसे, दोन वर्तमानपत्रांशी ताडून. उजवे पान मोकळे ठेवायचे. सहा महिन्यांनी, वर्षाने, त्याच विषयावर तोच माणूस काय बोलला आणि काय केले ते तिथे लिहायचे. कोणाची बाजू घ्यायची नाही, शिवी लिहायची नाही. पहिल्या वर्षी चाळीसेक मुलांनी सुरुवात केली आणि अकरा वह्या टिकल्या. त्यातील एका मुलीची वही माझ्यापाशी आहे. डावीकडे नांदेड, ९ नोव्हेंबर. उजवीकडे तिने १० डिसेंबरपासूनच्या परभणीच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या आहेत, सर्वोच्च न्यायालयापर्यंत. त्याखाली बरीच जागा तिने सोडून ठेवली आहे, कारण खटला अजून उभा राहायचा होता. बाजारातल्या त्या हमालांना मी ती वही दाखवली. वाचता येत नसल्याने त्यांनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि मग विचारले, “हे त्यांच्याम्होरं कोन वाचणार, गुरुजी?” पुढच्या सभेत मुलांना वह्या घेऊन पहिल्या रांगेत बसवायचे आम्ही ठरवले आहे.